घेणाऱ्याच्या बाजूने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांना लांबलेली प्रस्तावना खपत नसे, असं मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं. ते प्रास्ताविक बरंच लांबलं. तेव्हा मी सरळ विषयाला हात घालतो.

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाबद्दल चांगलं बोलायचं झालं की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सेवा करावी तर या लोकांनीच.’ मग मिरजेचं वानलेस हॉस्पिटल निघतं, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या सिस्टर निघतात, कॉन्व्हेंटची शिस्त निघते. कौतुक आहे, ते घ्यावं. मीही अनेक सभांत हार गळ्यात घालून ते घेतलेलं आहे. पण त्या वाक्यात एक चित्र दडलेलं असतं. त्यात देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला किंवा निजलेला. देणाऱ्याचा चेहरा दिसतो, नाव कळतं, त्याच्यावर पुढे गौरवग्रंथ निघतो. घेणाऱ्याचा फक्त हात दिसतो. मला आज म्हणायचं आहे ते एवढंच, की बायबलने हे चित्र उलट बाजूने काढलेलं आहे. तिथे गोष्ट घेणाऱ्याच्या जागेवरून सांगितली जाते, आणि देणाऱ्याला सारखी आठवण दिली जाते की तूही कधी तिथेच होतास. ही आठवण जागी असते तोवर दयेचं पाऊल न्यायाकडे पडतं. ती गेली की दया मालकी सांगू लागते. आमच्या चर्चच्या इतिहासात दोन्ही घडलेलं आहे, आणि मी दोन्हींबद्दल बोलणार आहे.

सुरुवात शेतापासून करू. तुमच्यातल्या पुष्कळांनी सरवा वेचला असेल, किंवा निदान आईला, आजीला वेचताना पाहिलं असेल. गव्हाची कापणी झाली, भुईमूग निघाला, की मागे राहिलेल्या ओंब्या आणि शेंगा गोळा करायला बाया-पोरं शेतात उतरतात. काही मालक उतरू देतात, काही हुसकून लावतात. मोशेच्या नियमशास्त्रात या सरव्याबद्दल स्पष्ट कायदा आहे. शेताचे कोपरे कापू नका. पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नका. जैतुनाचं झाड एकदाच झोडपा, राहिलेल्या फळांसाठी पुन्हा काठी मारू नका. द्राक्षांचा दुसरा तोडा घेऊ नका. मागे राहील ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. याला दान म्हणता येत नाही, कारण मालकाने ते दिलेलं नसतं. ते न्यायचा हक्कच त्याला नसतो. गरिबाने त्याचे आभार मानायचं कारण उरत नाही, आणि हीच त्या कायद्याची खोच आहे. दात्याच्या हाती कृतज्ञता वसूल करण्याचं साधनच ठेवलेलं नाही.

या कायद्याला जे कारण दिलं आहे ते मला त्याहून मोलाचं वाटतं. गरिबांना मदत केलीस तर पुण्य लागेल, असं तिथे म्हटलेलं नाही. कारण असं, की तू मिसर देशात गुलाम होतास, हे आठव. ज्या पिढीने हा कायदा पाळायचा होता तिच्यातले बहुतेक लोक मिसरात जन्मलेलेही नव्हते. तरी प्रत्येक पिढीने स्वतःला गुलामांच्या रांगेत उभं करून मगच विळा हाती घ्यायचा. हे कारण ज्या अध्यायात येतं त्याच अध्यायात उसनवारीचा एक नियम आहे. कर्ज देणाऱ्या माणसाने गहाण घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. कर्जदार स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. गहाण पडलेलं पांघरूण असेल आणि माणूस गरीब असेल, तर दिवस मावळण्याआधी ते परत करायचं, कारण त्याला रात्री थंडी वाजेल. ज्या गावांत वसुलीवाले भांडी उचलून नेतात तिथे हा उंबऱ्याबाहेर थांबण्याचा नियम कुणी भाषांतर करून भिंतीवर लावायला हरकत नाही.

रूथ या स्त्रीची गोष्ट याच कायद्यावर उभी आहे. ती मवाबी, म्हणजे परकी. विधवा. सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि जवाच्या कापणीत सरवा वेचायला जाते. बवाज नावाचा शेतमालक गड्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम काही कणसं सोडत जा, आणि तिला टाकून बोलू नका. पुढे ही बाई दावीद राजाची पणजी होते आणि येशूच्या वंशावळीत तिचं नाव येतं. तारणाऱ्याच्या वंशवृक्षात सरवा वेचणारी एक परकी बाई मत्तयने आवर्जून नोंदवून ठेवली आहे.

मग येतात संदेष्टे. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तो उत्तरेच्या राज्यात गेला. तिथे सुबत्ता होती, सण होते, भजनं होती. त्याने पाहिलं की वजनकाट्यात खोट आहे आणि जोडाभर वहाणांच्या किमतीला गरीब विकला जातो आहे. त्याने देवाच्या नावाने त्या भजनांकडे पाठ फिरवली. तो बेथेलच्या मंदिरात बोलला तेव्हा तिथल्या याजकाने त्याला राज्याबाहेर जायला सांगितलं. राजाच्या देवळात राजाविरुद्ध बोलायचं नसतं, हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता.

आता त्या गोष्टीकडे येतो जी ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी गाठलं, मारलं आणि अर्धमेला करून टाकलं. याजक बाजूने गेला, लेवी बाजूने गेला. शोमरोनी थांबला. त्याने तेल आणि द्राक्षारस लावून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि वर लागेल ते परतताना देईन म्हणाला. आपण ही गोष्ट शोमरोन्याच्या जागी बसून ऐकतो. रविवारच्या शाळेत आम्हाला तशीच शिकवली गेली: तुम्हीही असे चांगले व्हा. पण येशू बोलत होता यहुदी श्रोत्यांशी. त्यांच्या दृष्टीने शोमरोनी म्हणजे बाटलेला, पंक्तीला न चालणारा. त्या श्रोत्याला गोष्टीत जागा एकच मिळते, आणि ती आहे वाटेवर पडलेल्या माणसाची. ही गोष्ट ज्याला सांगितली त्या शास्त्र्याने येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? म्हणजे मी कुणाला द्यायचं आणि कुठे थांबायचं. येशूने प्रश्न फिरवला: पडलेल्याचा शेजारी कोण झाला? तू जमिनीवर आहेस, रक्त वाहतं आहे, आणि ज्याच्या हातचं पाणी तू पीत नाहीस तोच हात पुढे येतो आहे. आता बोल. शास्त्र्याला ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारवेना. ज्याने दया केली तो, एवढंच तो पुटपुटला. आपल्याकडे हीच गोष्ट कुठल्या जातीची नावं घालून सांगावी लागेल, ते मी तुमच्यावर सोडतो.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात हेच टोकाला गेलं आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. सगळ्या जागा घेणाऱ्याच्या आहेत. देव तिथे देणाऱ्यांच्या रांगेत दिसतच नाही.

हे सगळं ज्या व्यक्तीने मराठी मुलखात जगून दाखवलं तिच्याकडे आता वळतो, आणि तिच्यापाशी जरा जास्त थांबणार आहे. पंडिता रमाबाई. आपल्याकडे त्यांच्याबद्दल दोन प्रकारे बोललं जातं. एक, संस्कृत पंडिता, सुधारक, पण पुढे धर्म बदलला. दुसरं, चर्चमध्ये: देवाची दासी, मुक्तीची आई. दोन्हीकडे एक गोष्ट निसटते. रमाबाईंनी भूक बाहेरून पाहिलेली नव्हती.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून वाद ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरत राहिलं. 1874 पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत मद्रास इलाख्यात ते कुठे पोहोचलं ते रमाबाईंनीच नंतर लिहून ठेवलं आहे. पैसा संपला, भांडी विकली, पाला खाऊन दिवस काढले. मजुरी करावी तर ती जमणारी नव्हती, भीक मागावी तर जात आड येत होती. आधी वडील गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या खांद्याला रमाबाई. आणि त्यांची उंची कमी, म्हणून त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. वय विशीच्या आतलं. मग भावाबरोबर त्या पायी उत्तरेत भटकल्या आणि 1878 साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदव्या सगळ्यांना पाठ आहेत. तिरडीची आठवण कमी काढली जाते.

1880 मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. दोन वर्षांच्या आत तेही वारले. कडेवर मुलगी मनोरमा. 1882 मध्ये पुण्यात ‘आर्य महिला समाज’ काढला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठासून सांगितलं, आणि 1883 मध्ये वैद्यक शिकायला इंग्लंड गाठलं.

त्यांचं मन कशाने वळलं ते इथे महत्त्वाचं आहे. वाँटेजच्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेण्यात आलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी सिस्टरांनी तिथे घर चालवलं होतं, आणि त्यांतल्या काही बायका सावरून आता दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाईंनी शास्त्रं पाठ केली होती. अशा बायकांची गती काय, ते त्यांना ग्रंथातून ठाऊक होतं. त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. लक्षात घ्या, तिथे येशू तिला पाणी देत नाही. तो दमून बसलेला आहे आणि तिच्याकडे पाणी मागतो. त्याच वर्षी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ज्यांना वाटतं की त्या इंग्रजांच्या ओंजळीने पाणी प्यायल्या, त्यांनी त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको, असं त्या विचारतात. अन्नाचे आपले नियम सोडत नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्या उसळल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी इतके प्रश्न विचारले की सिस्टर हैराण झाल्या. आपल्याला मदत करणाऱ्यांना त्यांनी आपल्या विवेकाची किल्ली दिली नाही. मला विचाराल तर तो सगळा पत्रव्यवहार म्हणजे घेणाऱ्याच्या स्वाभिमानाचा दस्तऐवज आहे, आणि आमच्या धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात तो सक्तीने वाचायला लावला पाहिजे.

रमाबाई भारतात परतल्या आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदासदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. 1893 मध्ये वादळ झालं. सदनातल्या काही मुली बाईंच्या प्रार्थनेत बसतात, ख्रिस्ती होऊ पाहतात, यावर ‘केसरी’ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्याकडे ही हकिकत सनातन्यांच्या छळाची म्हणून सांगितली जाते. एवढ्यावर ती मिटत नाही. रानडे, भांडारकर हे काही सनातनी नव्हते. त्यांची तक्रार अशी, की आसरा देणाऱ्याच्या घरात आसऱ्याला आलेलीचं मन कितपत मोकळं असतं? हा प्रश्न योग्य होता आणि आजही आहे. रमाबाईंचं उत्तर असं, की मी दार लावून प्रार्थना करणार नाही. कुणाला बोलावत नाही, कुणाला हाकलतही नाही. उत्तर प्रामाणिक होतं. ते पुरेसं होतं का, यावर मी कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला झुकतो. एक मात्र खरं, की बालविधवेला दुसरं दार उघडं असतं तर हा प्रश्न इतका टोचला नसता. पुढे 1896 मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी दुसरं दार उघडलं, ही त्या वादाची सर्वांत चांगली फलश्रुती.

अमेरिकेतल्या मंडळाने शारदासदनाला दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली. तोच 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. कशासाठी, ते त्यांच्याच लिखाणात आहे: वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना झोपू देईना. छावण्यांमधून, रस्त्यांवरून त्यांनी मुली आणि बायका गोळा केल्या, शेकडोंनी. दलाल त्याच छावण्यांत दुसऱ्या हेतूने फिरत होते, हेही त्यांनी लिहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमाची संख्या हजारावर गेली. विहिरी खोदल्या, माग बसवले, तेलघाणा, गोठा, छापखाना उभा केला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते ‘कृपासदन’ म्हणून दौंडच्या माळावर आलं. जेवणाच्या पंगतीपेक्षा कामाच्या यादीवर त्यांचा भर होता, कारण अन्नछत्रातून उठलेल्या बाईला उद्या पुन्हा रांग लावावी लागते हे त्यांना अंगावरच्या अनुभवाने ठाऊक होतं. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलं; त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती याच बायकांनी. मनोरमा 1921 मध्ये गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. छापील बायबल 1924 मध्ये पुरं झालं.

त्यांच्या दयेला दात होते, हेही सांगितलं पाहिजे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये कडक पत्र लिहिलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं आणि सरकारने ते आरोप धुडकावून लावले. ज्या राज्यकर्त्यांचा धर्म आपण घेतला त्यांना दुखवू नये, असला हिशेब त्यांनी केला नाही. दुखवले गेलेले लोक दोन्हीकडे होते. पुण्यातला ब्राह्मण समाज आधीच रागावलेला होता, आता गव्हर्नरसाहेब रागावले. याआधी धर्मांतराच्या वादात जोतीराव फुले हे त्यांची बाजू उघड घेणाऱ्या मोजक्यांपैकी एक होते. 1885 च्या ‘सत्सार’मध्ये ती नोंद आहे.

आता चर्चच्या दुसऱ्या बाजूकडे. मी नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं. अमेरिकन मराठी मिशनने तिथे शाळा काढल्या. सिंथिया फॅरार यांच्या शाळेचं नाव फुले दांपत्याच्या चरित्रात येतं. दुष्काळांच्या काळात महारवाडेच्या महारवाडे ख्रिस्ती झाले. माझे पूर्वज त्यांतलेच. ‘गव्हासाठी बाटले’ हे आम्ही ऐकत आलो. त्यावर माझ्या आजीचं उत्तर होतं: उपाशी मेलो असतो तर कोणत्या धर्मात मोजलं असतं? उत्तर बिनतोड आहे. पण ते गावाला आहे. मिशनला एक वेगळा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवून दिलं की शाळा, दवाखाने, धान्य सगळं मिळालं, पण धर्मांतरितावर होणाऱ्या सामाजिक अन्यायाशी लढायला मिशन उभं राहिलं नाही. बाप्तिस्मा झाला की जबाबदारी संपली. मिशनरी जातीशी झगडण्यापेक्षा तिच्याशी जुळवून घेताना त्यांना दिसले. देणारे इतके देण्यात मग्न होते, की घेणारा गावकुसाबाहेरच राहतो आहे हे त्यांना अडचणीचं वाटलं नाही. तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती कबरस्थानात दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत बांधली गेली. पुनरुत्थानाची वाट पाहत पडलेल्या माणसांच्या मध्ये भिंत! आमोस तिथे गेला असता तर काय बोलला असता, याचा तर्क करायला वेदान्ती असायची गरज नाही.

दयेला न्यायाची वाट सापडल्याचं एक जवळचं उदाहरण देतो. 1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना आठवत असेल: खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो. त्या वर्षांत ख्रिस्ती संस्थांनीही धान्य वाटलं, विहिरी खोदल्या. नगर जिल्ह्यात हर्मन बाखर नावाचे स्विस येशूसंघीय धर्मगुरू होते. 1948 साली भारतात आले, इथेच मुरले. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. विहिरी खोदून दिल्या की चार वर्षांत त्या कोरड्या पडत, आणि पुन्हा मागणी येई. पाणी जमिनीत मुरतच नसेल तर विहिरीत येणार कुठून? डोंगर उघडे, माती वाहून गेलेली. मग काम वरून खाली सुरू झालं, माथा ते पायथा: सलग समतल चर, बांध, झाडी, शेवटी नाल्यावरचे बंधारे. त्यातून नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि 1993 मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं नाव त्या कामामुळे लांबवर गेलं.

मला त्यातल्या तंत्रापेक्षा अटी महत्त्वाच्या वाटतात. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची आणि आपणच पाळायची. पैसा गावाच्या समितीच्या खात्यात, हिशेब गावापुढे. देणाऱ्याने हात मागे घेतला तरी काम चालू राहील, अशी ती रचना होती. पण इथेही सरव्याचा प्रश्न उभा राहतोच. चराईबंदीचा पहिला चटका मेंढपाळाला आणि भूमिहीनाला बसतो, आणि वाढलेलं पाणी ज्याची विहीर त्याचं होतं. पाऊस सगळ्यांचा, चर खोदले सगळ्यांनी, आणि ऊस एकाचा. ज्या गावांनी पाण्याच्या वापरावर बंधनं घातली, बोअर आणि उसावर मर्यादा आणली, त्यांनी शेताचे कोपरे न कापण्याचा तो जुना नियम आपल्या भाषेत लिहिला. ज्यांनी घातली नाहीत तिथे टँकर परत आले. हे ख्रिस्ती गावांबद्दल मी बोलत नाही. यांतली बहुतेक गावं ख्रिस्ती नाहीतच, आणि बाबांना त्याने फरक पडत नसे.

वसईबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं काम तुम्हाला परिचित आहे. ‘सुवार्ता’चे एकेकाळचे संपादक, मराठी साहित्य संमेलनाचे माजी अध्यक्ष ही त्यांची ओळख सगळ्यांना आहे. बिल्डर, टँकर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीतून ते उतरले तेव्हा ‘धर्मगुरूने राजकारण करू नये’ हे वाक्य चर्चच्या आवारातूनही ऐकू आलं होतं. बेथेलच्या याजकाचंच ते वाक्य.

आणि तुरुंगातला एक धर्मगुरू. फादर स्टॅन स्वामी, येशूसंघीय. झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते न्यायालयात गेले होते. ऑक्टोबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते तळोज्याला आले. वय 80 च्या पुढे, पार्किन्सन्सचा आजार, पेला हातात धरता येईना. 5 जुलै 2021 रोजी कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. खटला उभाच राहिला नव्हता. त्या प्रकरणाबद्दल या सभागृहात वेगवेगळी मतं असणार. मी फक्त त्यांच्या एका पत्राकडे लक्ष वेधतो. त्यात ते लिहितात की एक सहकैदी मला भरवतो, दुसरा अंघोळ घालतो, आणि कोठडीतले गरीब घरचे दोघे माझे कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. आयुष्यभर कैद्यांची बाजू मांडलेला माणूस कैद्यांकडून सेवा घेतो आहे आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मत्तयचा तो अध्याय मी असंख्य प्रवचनांत ऐकला आहे. या पत्राइतका उलगडलेला ऐकला नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा आहे, आणि तो माझ्या घरचा आहे. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ठरलं की हिंदू असलेल्यालाच अनुसूचित जातीचा मानलं जाईल. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. युक्तिवाद असा, की तुमच्या धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला? ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. चर्चच्या संस्था अनेक वर्षं न्याय मागत आहेत, मोर्चे काढत आहेत, आणि ती मागणी रास्त आहे.

पण ती मागणी सिद्ध करायची तर पुरावा लागतो, आणि पुरावा कुठे आहे? आमच्याच घरात. लग्नाच्या जाहिरातींत आहे, कबरस्थानांच्या नकाशांत आहे, बिशपांच्या यादीत कोणत्या समाजाचे किती याच्या हिशेबात आहे, खेड्यातल्या चर्चमध्ये कोण कुठल्या बाकावर बसतं यात आहे. हे सगळं आयोगापुढे शपथेवर सांगितलं तर दलित ख्रिस्त्याची बाजू बळकट होते आणि चर्चची अब्रू जाते. झाकलं तर अब्रू राहते आणि तो माणूस 1950 मध्ये होता तिथेच राहतो. धान्य वाटताना आम्हाला असली निवड कधी करावी लागली नव्हती. आता करावी लागते आहे, आणि अनेक धर्मप्रांतांत या विषयावरची फाइल अजून ‘योग्य वेळी’ उघडायची म्हणून ठेवलेली असते. माझी विनंती आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पॅरिशला आणि पंचकमिटीला आहे: आपापल्या कबरस्थानाचा आणि बाकांचा अहवाल लिहून काढा, त्यावर धर्मगुरूंची सही घ्या आणि तो आयोगाकडे पाठवण्यासाठी तयार ठेवा. प्रश्नोत्तरांत यावर कुणाला भांडायचं असेल तर मी तयार आहे.